मंजुळेचं सुकाणू

मुकुंद तारीच्या वाट्याला कीर्तनाचा उत्तररंग कधी आलाच नाही.

पूर्वरंग मात्र त्याचा कधी चुकत नसे. पहिली पाळी सुटली, की घरी येऊन आंघोळ, कपभर चहा, धुतलेला सदरा, आणि विमलच्या मागोमाग चिंचवडगावात मोरयाच्या देवळात. श्रावणात तिथे कीर्तन लागायचं. बुवांनी नमन केलं, झांजा घुमल्या, अभंगाचं एकेक चरण उलगडू लागलं, की मुकुंदचा चेहरा असा फुलायचा, की शेजारच्याला वाटावं, ह्याला आता देवच दिसतोय. मग मध्यंतर व्हायचं, बुक्का लागायचा, बुवा उपरणं सावरून आख्यानाला हात घालायचे आणि ह्याची मान खांबाला टेकायची. पहाटे चारला उठलेला माणूस. खांब गार, पवनेवरून येणारा वारा गार. त्याला तरी काय बोल लावायचा?

विमल लावायची. "अर्धी भक्ती करणारो एकच माणूस देवान जन्माक घातल्यान, आणि तो माझ्या पदरात टाकल्यान."

"झोपेतय ऐकू येता गो माका."

"मगे सांगा, राजाचा पुढे काय झाला?"

"मेलो."

निम्म्या वेळा ते बरोबरही निघायचं.

अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात बुवांनी एका आंधळ्या माळिणीचं आख्यान लावलं होतं. दुर्गाबाई तिचं नाव. देवाचा हार रोज तीच ओवायची आणि माप घ्यायची ते स्वतःच्या गळ्यावर, कारण देवाचा गळा काही तिनं पाहिलेला नव्हता. तरणीताठी होती तोवर ठीक चाललं. पुढं वय झालं, बाई वाळत गेली, गळा काटकुळा झाला आणि हारही दिवसेंदिवस तोकडा होत गेला. माप चुकतंय हे तिला कळणार कसं? एके दिवशी पुजाऱ्यानं हार हातात घेतला, गाभाऱ्यात शिरला, देवाच्या डोक्यावरून हार खाली आणू लागला, तो काय!

इथे मुकुंदचा डोळा लागला.

घरी जाताना विमलनं विचारलं, "हाराचा काय झाला, सांगू?"

"उद्या सांग," तो म्हणाला. चालताना त्याचे पाय एकमेकांत अडकत होते.

आणि दुसऱ्या दिवशी गावाहून पत्र आलं.

गाव मालवणच्या अलीकडचं, खाडीच्या तोंडावरचं, मासेमारी करणाऱ्या गाबितांचं. वाडीतली निम्मी घरं आता म्हाताऱ्यांची होती. हातीपायी धड असलेले सगळे मुंबईला नाहीतर पिंपरीला. मुकुंदचा थोरला भाऊ हरिहर तेवढा मागे राहिला, तो मंजुळेसाठी. मंजुळा म्हणजे होडी. बापानं ती स्वतःच्या हातांनी बांधली, मुकुंदची आजी वारली त्या वर्षी, आणि तिचंच नाव दिलं. म्हणून घरातली पोरं होडीला 'आजी' म्हणत. पावसाच्या आधी तिला वाळूत ओढून माडाच्या झापांच्या खोपीत ठेवायची, अंगाला माशाचं तेल चोळायचं, आणि नारळी पौर्णिमेला हळदकुंकू लावून पाण्यात सोडायची. एकोणतीस वर्षं त्यात खंड नव्हता. बाप गेला त्या सालीसुद्धा नाही.

पत्र शाळामास्तरांच्या अक्षरात होतं. 'चि. मुकुंदास आशीर्वाद. वैशाखात खाडीच्या तोंडावर एका लाँचच्या जाळ्याचा दोर मंजुळेच्या सुकाणूत अडकला आणि सुकाणू मधोमध फाटले. गावात आता होडीचे काम जाणणारा सुतार उरला नाही. बापाचा हात तुझ्याच हातात आहे. पौर्णिमेपर्यंत सुकाणू आले, तर मंजुळा पाण्यात जाईल. नाही आले, तर मी लाँचवर खलाशी म्हणून जाईन. मलाही आता झेपत नाही. सोबत मापाची दोरी.'

'मलाही आता झेपत नाही' ही ओळ मुकुंदनं तीनदा वाचली. हरीदादा असं बोलणारा माणूस नव्हता. आणि होडी एक साल पाण्याबाहेर राहिली म्हणजे काय होतं, हे गाबिताच्या पोराला सांगायला लागत नाही. ऊन खाऊन फळ्या सुटतात. एकदा का फळ्या एकमेकींशी बोलेनाशा झाल्या, की मग चुलीचंच लाकूड.

दोरी काथ्याची होती. तिला गाठी मारलेल्या होत्या: सुकाणूची उंची, रुंदी, आणि लाल सूत बांधून दाखवलेली दोन कड्यांची जागा. बाप असाच माप घ्यायचा. फूट-इंच त्याला ठाऊक नव्हते; दोरी लाकडावर ठेवायची आणि गाठीशी खूण करायची, एवढीच त्याची विद्या. त्या विद्येवर मंजुळा उभी होती.

विमलनं शिवणाची टेप आणली. तिनं दोरी ताणून धरली, मुकुंदनं कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे आकडे लिहून घेतले.

"एका कडीपासून दुसऱ्या कडीपर्यंत?"

"तीन फूट. बरोब्बर तीन."

आकडे खिशात गेले. दोरी विमलनं देव्हाऱ्याच्या खुंटीला अडकवली. "भाऊजींनी आयेच्या समोर बसान गाठी मारल्यानी आसतीत. कारखान्यातल्या तेलात नको ती."

आता मुकुंदचं काम काय, ते सांगायला हवं. चिंचवडच्या एका ओतकामाच्या कारखान्यात तो पॅटर्न शॉपला होता. लोखंडाची जी वस्तू ओतायची, तिचा आधी हुबेहूब लाकडी पॅटर्न करायचा. तो वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा, आणि मागे राहिलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. बासष्ट साली गावाहून आला, तेव्हा साहेबानं विचारलं, "काय येतं?" हा म्हणाला, "होडी येते." साहेब हसला, पण हातात रंधा देऊन त्यानं एक गोलाई काढायला सांगितली. होडीवाल्याला सरळ रेघ परकी, गोलाई सख्खी. संध्याकाळपर्यंत मुकुंदला तिकीट नंबर मिळाला.

ह्या कामात एक खुबी असते. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं. म्हणून पॅटर्न थोडा मोठाच करावा लागतो. दर वेळी त्याचं गणित कोण मांडत बसणार? म्हणून पट्टीच मोठी आखलेली असते. बिडाची पट्टी वेगळी, पोलादाची वेगळी. पोलाद जास्त आकसतं, म्हणून त्याच्या पट्टीवरचा एक फूट हा जगातल्या एक फुटापेक्षा पाव इंच लांब. सोळा वर्षं ह्या पट्ट्या मुकुंदच्या खिशात होत्या. श्वास घेताना नाक कुठलं हे जसं कोणी बघत नाही, तशी तोही खिशातून पट्टी काढताना ती कुठली हे बघत नसे. जे काम चालू असेल, त्याची पट्टी खिशात असायचीच. त्या पंधरवड्यात काम पोलादाचं चाललं होतं.

पिंपरीच्या वखारीतून त्यानं सागाची जुनी, मुरलेली फळी निवडून आणली. पाळी साडेतीनला सुटायची. त्यानंतर बाक झाडून त्यानं फळी मांडली, तेवढ्यात फोरमन दौलतराव येऊन उभे राहिले. आकुर्डीच्या जुन्या शेतकरी घरातला माणूस. जमिनीवर कारखाना आला, तसा हाही कारखान्यात आला.

"काय रं तारी, कंपनीत घरचं दार करतोस व्हय?"

"दार नाही, साहेब. सुकाणू."

"कशाचं?"

"होडीचं."

"हितं कुठं आली होडी? पवनेत म्हशी बी गुडघाभर पान्यात उभ्या ऱ्हात्यात."

मुकुंदनं सगळं सांगितलं. दौलतरावांनी फळीवरून हात फिरवला.

"आमच्या बापाचा नांगर हाय अजून माळ्यावर," मग म्हणाले. "बैल न्हाई, रान न्हाई. पर मोडत न्हाई कुणी." आणि लगेच आवाज चढवून, साऱ्या शॉपला ऐकू जाईल असे, "घरचं काम कंपनीत करायचं न्हाई, सांगून ठिवतो! आन् आता साडेपाचपातुर मी हापिसात बसनार हाय. तिथनं मला काय दिसत न्हाई."

आठ दिवस असं चाललं. सकाळी सात ते साडेतीन पोलादाच्या झडपेचा पॅटर्न, मग दोन तास सुकाणू. पाठ भरून यायची. डोळ्यांत लाकडाची पूड जायची. कीर्तनाला विमल एकटीच जाऊ लागली. रंधा मारता मारता मुकुंदला वाटे, सोळा वर्षांत इतकी लाकडं घडवली, पण त्यातलं एकही कशासाठी म्हणून नव्हतं. वाळूत दाबायचं, काढायचं, फळीवर ठेवून द्यायचं. हे पहिलं लाकूड, जे स्वतःच पाण्यात जाणार होतं. दमलेल्या अंगालाही ते कळत होतं. हात आपसूक हळू चालायचे.

भट्टीवरल्या मित्रानं दोन लोखंडी आकडे घडवून दिले. सुकाणूला हे आकडे ठोकायचे आणि होडीच्या पाठीवर असलेल्या दोन कड्यांत ते वरून सोडायचे, की झालं. मुकुंदनं खिशातला कागद काढला. तीन फूट. खिशातली पट्टी काढली. तीन फुटांवर खुणा केल्या. आकडे ठोकले.

सुट्टी गुरुवारची, जोडून शुक्रवारची रजा. शनिवारी सकाळी सातला गेटवर हजर. बुधवारी पाळी सुटली, तसा पोत्यात गुंडाळलेलं सुकाणू खांद्यावर घेऊन तो निघाला. निघताना विमलनं देव्हाऱ्याची दोरी पिशवीत टाकली. "ज्याची तेका नेवन द्या. आणि त्या हाराचा—"

"इल्यावर सांग."

पुण्याला जाणाऱ्या बसचा कंडक्टर ओरडला, "अहो, हे काय? दरवाजा?"

"सुकाणू."

"मग मागं कशाला चढवता? पुढं ड्रायव्हरकडं द्या!"

सारी बस हसली. मुकुंदही हसला, आणि स्वारगेटपर्यंत उभ्यानंच पेंगला.

गुरुवारी सकाळी एस.टी. वाडीच्या फाट्यावर थांबली, तर तिथे पाचपंचवीस माणसं उभी. टपावरून सुकाणू उतरलं, आणि मुकुंदनं जमिनीला लावायच्या आत त्याची आई यशोदाबाई पुढे आली. हातात तबक. तिनं पोतं सोडवलं, सागाला हळदकुंकू लावलं, ओवाळलं, नारळ फोडून पाणी शिंपडलं. मागच्या बायकांनी नवरीसारखं त्याला वाजतगाजत खोपीकडे नेलं. मुकुंद मागून चालत होता. हरीदादा शेजारी होता. चार वर्षांत भाऊ केवढा वाकला होता! मानेवरची कातडी मिठानं फाटल्यासारखी, डोळे लाल.

"दमलंस?" हरिहरनं विचारलं.

"नाय. तू?"

"मी कित्याक दमतंय?" दोघांनाही माहीत होतं, की दोघंही खोटं बोलतायत.

खोपीतली होडी बघून मुकुंदनं हात जोडले. तेल पिऊन काळीभोर झालेली मंजुळा बाजूला कलून बसली होती, ओसरीवर पाय पसरून बसलेल्या म्हातारीसारखी. चौघांनी सुकाणू उचललं. हरिहरनं खालचा आकडा खालच्या कडीत सोडला. तो नीट बसला. वरचा आकडा कडीत शिरला, आणि अर्ध्यातच राहिला.

"बसला!" कोणीतरी ओरडलं. टाळ्या वाजल्या.

"थोडा वर ऱ्हवला," म्हातारे अर्जुन तांडेल डोळे बारीक करून म्हणाले.

"ऱ्हवांदे, काका," हरिहर घाईघाईनं म्हणाला. "होडीच आटली आसतली. एकोणतीस वर्सां झाली. म्हातारी माणसा आटतत नाय?" आणि भावाच्या पाठीवर थाप मारून, "कंपनीतला काम! बघा, बघा."

लोक बघत होते. कोणी सागावरून हात फिरवत होतं, कोणी म्हणत होतं, बापाचोच हात. मुकुंद त्या आकड्याकडे बघत होता. आकडा दीड इंचाचा. कडीत होता पाऊण इंच. खाडीत चाललं असतं. पण खाडीच्या तोंडावर, जिथे समुद्राची लाट अंगावर येते, तिथे होडीची पाठ आपटली, की एवढासा आकडा उसळून बाहेर पडणार. सुकाणू गेलं, की होडी आडवी. होडी आडवी झाली, की तिथे काय होतं, हे वाडीतल्या तीन घरांना ठाऊक होतं.

पाऊण इंच. तीन फुटांना पाऊण इंच.

त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला. पट्टी तिथेच होती. तिच्यावर काय कोरलंय, हे बघायची गरजच नव्हती.

गप्प बसणं किती सोपं होतं! दादानं कारणसुद्धा आयतं शोधून दिलं होतं. लोक खूश होते, आई खूश होती, आणि अंगात तर असा शीण भरलेला, की ह्याच वाळूत आडवं व्हावं. कदाचित लाट लहानच असेल. दादा जुना तांडेल आहे, सांभाळून घेईल. दमलेल्या माणसाला असं 'कदाचित' फार गोड लागतं.

त्यानं पिशवीतून दोरी काढली. गुडघे टेकले, आणि दादाच्या गाठी सुकाणूवर धरल्या. एक लाल सूत खालच्या आकड्यापाशी. दुसरं वरच्या आकड्याच्या खाली, अंगठ्याच्या नखाएवढं खाली.

"होडी नाय आटली, दादा," तो म्हणाला. मग अर्जुन तांडेलांकडे वळून पुन्हा म्हणाला. "होडी नाय आटली. मी चुकलंय."

त्यानं खिशातली पट्टी काढून दाखवली.

"कंपनीत आमची पट्टी मोठी आसता. लोखांड थंड झाल्यावर आकसता, म्हणान. मी त्याच पट्टीन तुझ्या होडीचा माप घेतलंय."

अर्जुन तांडेलनी थोडा विचार केला. "म्हणजे सोळा वर्सां तुमी खोट्या पट्टीन काम करतास?"

"होय."

"आणि कंपनी चलता?"

"चलता."

"मगे आमच्या रेशनवाल्याचा काय चुकला?" तांडेल म्हणाले, आणि खोपीतली माणसं खो खो हसली. हसले नाहीत ते दोघेच: मुकुंद आणि हरिहर.

"सोप्या आसा," मुकुंद म्हणाला. "वरचो आकडो काढतंय, पाऊण इंच खाली ठोकतंय. तासाभराचा काम."

"नाय," यशोदाबाई म्हणाली.

ती सुकाणूजवळ येऊन उभी राहिली. "हळद लागली तेका. हळद लागलेल्या लाकडाक समुद्राचा पाणी लागापर्यंत लोखांड लावूचा नाय. ना छिन्नी, ना खिळो. तुझ्या बापसान कधी लावल्यान नाय."

"आये, पाऊण इंच—"

"सून घरात इली, आणि दाराच्या चौकटीक डोक्या लागला, म्हणान तिचा डोक्या तासतत?"

उद्या पौर्णिमा. उद्या दुपारी भरती. उद्या तीन वाजता त्याची एस.टी. सुकाणूला हात लावायचा नाही, आणि आहे तसं सोडायचं नाही. तो मटकन वाळूत बसला. गाबिताचं पोर, बापाचा हात म्हणून ज्याला पत्र पाठवलं, ते दोरी देवाजवळ टांगून ठेवतं आणि खोटी पट्टी घेऊन कामाला बसतं.

हरिहर होडीच्या पाठीवरून हात फिरवत होता. बराच वेळ फिरवत होता.

"वरची कडी हलवूया," शेवटी तो म्हणाला.

"होडीची?"

"होय. पाऊण इंच वर घेवया. सुकाणू नवा आसा, तेका समजूचा नाय. ही म्हातारी आसा. तिका राग येवचो नाय."

मुकुंद उठला. बापानं बसवलेलं ते पाठीचं लाकूड त्यानं बोटाच्या पेरांनी ठोकून बघितलं. वरवर भुसभुशीत, आत अजून ठणठणीत. पण जुन्या भोकांच्या इतक्या जवळ नवी भोकं पाडायची, म्हणजे लाकूड चिरकण्याची भीती. चिरकलं, तर सुकाणूही नाही आणि होडीही नाही. यंत्राचं काम नव्हे. घरातून बापाचा सामता, म्हणजे भोकं पाडायचं हातगिरमिट, काढला. दोरीनं फिरवायचा, एकानं दाबायचा, दुसऱ्यानं ओढायचा. सामत्याची दोरी कुजलेली. मग हरिहरनं मापाच्या दोरीच्या गाठी एकेक करून सोडल्या आणि तीच दोरी सामत्याला गुंडाळली.

जुन्या भोकांत राळेत बुडवलेल्या खुंट्या बसवल्या. मग मुकुंदनं सामता टेकवला. हरिहर दोरी ओढू लागला, एकदा इकडे, एकदा तिकडे. लाकडाचा वास सुटला, जुन्या तेलाचा, बापाच्या सदऱ्याला यायचा तसा. मुकुंद श्वास रोखून ऐकत होता. लाकूड चिरकायच्या आधी कुरकुरतं. आई दारात जपमाळ घेऊन बसली होती. पहिलं भोक पडलं. दुसरं पडलं. तिसऱ्याला लाकूड एकदा कुरकुरलं, तसा हरिहरचा हात थांबला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"हळू," मुकुंद म्हणाला.

"तू दाबतंस, तू हळू."

दिवेलागणीला कडी बसली. आकडा पूर्ण उतरला. मंजुळा चिरकली नव्हती.

शुक्रवारी दुपारी भरती आली. वाडीतली होती नव्हती तेवढी माणसं किनाऱ्यावर आली. होड्या आता पाचच उरल्या होत्या. पलीकडे धक्क्याला लाँचांची रांग. नारळ वाहिला गेला. होड्या पाण्यात ढकलताना मुकुंदनंही खांदा लावला. हरिहर म्हणाला, "चल, बस." पण मुकुंदला तीनची एस.टी. गाठायची होती. म्हणाला, "मी आयेकडे थांबतंय. तोंडाभायेर गेलास आणि सुकाणू धरला, तर वल्हा वर कर. माका दिसात."

"करतंय."

मुकुंद आईशेजारी वाळूत बसला. ऊन पावसाळी, मऊ. लाटेचा आवाज एकाच तालात येत होता, झांजेसारखा. मंजुळा खाडीतून तोंडाकडे निघाली. त्यानं डोळे ताणून तिच्याकडे लावले. तो बघत होता, बघत होता, आणि त्याची मान आईच्या खांद्यावर टेकली.

जाग आली, तेव्हा समुद्र रिकामा होता. लांब क्षितिजाशी पाच शिडं. कुठली कोणाची, हे सांगता येत नव्हतं. तो धडपडून उठला.

"आये! गेली?"

"गेली."

"माका उठवलंस कित्याक नाय?"

"दमल्या माणसाक कोण उठयता?" आईनं त्याच्या केसांतली वाळू झाडली. "तीन लाटो घेतल्यान. तिसरी मोठी होती. मगे हरीन वल्हा वर केल्यान. वर धरून होतो, खूप वेळ. तू बघतंस असा वाटला आसात तेका."

मुकुंदनं समुद्राकडे बघून हात वर केला. उशिरा का होईना. मग पिशवी उचलून एस.टी.ला निघाला.

शनिवारी सातला दोन मिनिटं असताना तो गेटमध्ये शिरला, तेव्हा त्याच्या चपलांत अजून वाळू होती. दौलतराव त्याच्या बाकाशी आले.

"बसलं का रं?"

"बसलं, साहेब. होडीची कडी पाऊण इंच सरकवली."

"सुकाणूपायी होडी सरकवली?" दौलतरावांनी त्याच्या खिशाकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "पोलादाची व्हय?"

मुकुंदनं मान हलवली.

"हं." दौलतराव इकडं तिकडं बघून आणखी खाली वाकले. "कुनाला सांगू नगंस. घरच्या देव्हाऱ्याचं दार म्या असंच केलं हुतं. सात वर्सं झाली. अजून लागत न्हाई."

संध्याकाळी विमलबरोबर तो देवळात निघाला. बाजारपेठेतून चालताना विमल सगळं ऐकत होती: पट्टी, हळद, सामता, वल्हं. ऐकताना तिनं पदर दोनदा डोळ्यांना लावला. देवळातून झांजांचा आवाज येऊ लागला होता. पायरीशी मुकुंद थांबला.

"त्या हाराचा काय झाला गो? तू सांगतलंस म्हणालंस."

"आज आठवण झाली?" विमल हसली. "पुजाऱ्यान हार वर धरल्यान. देवाच्या डोक्यावरसून उतरना. पुजारी त्या बाईक हाक मारून बोल लावणार, इतक्यात काय झाला? देवान मान वाकवल्यान. हार बरोबर बसलो. तेव्हापासून त्या देवळात देवाची मान तशीच आसा म्हणे, थोडी वाकडी."

मुकुंद पायरीवर तसाच उभा राहिला. आत बुवांनी नमन सुरू केलं होतं.

"मान वाकवल्यान?"

"होय."

"देवान?"

"होय हो."

त्यानं चपला काढल्या. त्यांतली वाळू पायरीच्या कडेला झाडली.

"दुखली आसतली," तो म्हणाला, आणि आत गेला.